डब्याला डोळे फुटले

५ सप्टेंबर, गुरुवार

"दोन खोल्या हव्यात. एक नाही चालणार." — सूनबाई फोनवर असं म्हणाली. मागच्या दारात उभी राहून, हळू आवाजात. मी मशीनवर अभ्रा शिवत होते, पाय थांबवला. मशीन थांबलं की या घरात सगळं ऐकू येतं. तिलाही ते ठाऊक. लगेच "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला.

मी पुन्हा पाय मारायला लागले. शिवण वाकडी गेली. उसवली.

बरेच दिवस हे चाललंय. दुसऱ्या गावात मोठ्या छापखान्यात जागा निघाली आहे, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ही इथल्या छापखान्यात छापण्याआधीचा मजकूर तपासते, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. घरी मात्र माझी एक चूक काढत नाही. आणि आता दोन खोल्या! एकट्या बाईला दोन खोल्या कशाला? कोणीतरी असेल. असावंही. माझा मुलगा हिला टाकून गेला त्याला तीन वर्षं होतील, त्याने तिकडे नवा संसार मांडला. मुलगा गेला, सून राहिली. शेजारीण म्हणते, तुमच्याकडे सगळं उलटंच. उलटं तर उलटं. कापड उलटं घातलं तरी ऊब तीच असते.

विचारायचं कसं? "जातेस का?" म्हणावं, तर तिला वाटेल म्हातारी घालवायला बसली आहे. "जाऊ नकोस" म्हणावं, तर पायात बेडी. ज्या घरच्या पोराने तिला सोडलं, त्याच घरच्या आईने तिला धरून ठेवायचं? कोणत्या तोंडाने?

६ सप्टेंबर, शुक्रवार

एक कल्पना सुचली आहे. चांगली नाही. लिहीत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

केलं. इतकं सहज जमलं, याचंच जास्त वाईट वाटतंय.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचा लिहिण्याचा वर्ग असतो. वर्ग म्हणजे एक लांब टेबल, एक डुगडुगणारी खुर्ची — ती माझी — आणि मधोमध माझा जुना बटणांचा डबा. आता त्यात बटणं नाहीत, चिठ्ठ्या आहेत. विषय सगळ्यांनी मिळून सुचवायचे, घडी घालून टाकायचे, आणि शनिवारी डोळे मिटून एक काढायची. जी निघेल तिच्यावर अर्धा तास लिहायचं. बदलून मिळणार नाही.

हा नियम माझा. सुरुवातीला मी म्हणायचे, हवं ते लिहा. तर वर्गातला सलूनवाला चार आठवडे सूर्यास्तावर लिहीत होता. त्याचं दुकान तळघरात आहे, सूर्य त्याने शेवटचा कधी पाहिला कोण जाणे! डबा आला आणि त्याच्या हाती "उशी" लागली. मग त्याने दाढी करताना झोपी जाणाऱ्या गिऱ्हाइकांवर असं लिहिलं की नर्सबाई हसता हसता खोकायला लागल्या. माणूस स्वतः विषय निवडतो तेव्हा गुळगुळीत रस्त्याने जातो. डबा ढकलतो खडीवर.

मी शाळेत दुसरीपर्यंत. पुढचं वाचन शिंपीदादांच्या दुकानात झालं, काजं-बटणं करता करता. ते कापड बेतायचे नमुने जुन्या वर्तमानपत्राचे कापायचे. बातमी अर्धी पाठीच्या नमुन्यावर, उरलेली बाहीवर. बाही सापडेपर्यंत माणूस वाचला की मेला ते कळायचं नाही. मला विषय कोणी निवडून दिले नाहीत, हाताला लागलं ते वाचलं. म्हणून डब्यावर माझा फार विश्वास. होता.

तर आज. कालच मी "सामान बांधताना" असं पाच चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलं होतं. नेहमीच्या चिठ्ठ्या सूनबाई छापखान्यातल्या कागदाच्या कातरणांच्या करते. ती कातरणं तिच्या फळीवर, मागायची सोय नाही. म्हणून मी गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर लिहिलं. पाचही चिठ्ठ्या स्वेटरच्या डाव्या खिशात. सूनबाई सगळ्यांना कागद वाटून, रस्त्याकडची खिडकी लावून सगळ्यांत शेवटी चिठ्ठी काढते. तेवढा वेळ मला पुरेसा होता.

सलूनवाल्याने काढली: "उधार आणलेली छत्री". नर्सबाईंनी काढली: "न मागितलेला सल्ला". मग घाई. घाई म्हणजे आमची परीक्षेला बसणारी मुलगी. खुर्ची ओढायच्या आधी लिहायला लागते, म्हणून हे नाव. तिने चिठ्ठी उघडली. "आमच्या घरातले आवाज."

ती लिहायला लागली नाही.

"मावशी, हा नको. बदलून द्या."

"का ग?"

"नकोच."

आणि मी — खिशात पाच खोट्या चिठ्ठ्या घेऊन बसलेली मी — तिला काय म्हणाले? म्हणाले, "डब्याला ना डोळे, ना नाती. त्याच्यापुढे सगळे सारखे. परीक्षेत बदलून मागशील का?"

सलूनवाला म्हणाला, "जाऊ द्या ना मावशी, पोरगी आहे." मी म्हटलं, "एकीला दिली की तूही सूर्यास्त मागशील." सगळे हसले. घाई हसली नाही.

ते हसत असताना मी डबा टेबलाखाली मांडीवर घेतला. खऱ्या चिठ्ठ्या उजव्या खिशात, खोट्या डब्यात. सूनबाईने हात घातला. जरा जास्तच वेळ आत ठेवला, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. चिठ्ठी उघडली, वाचली, माझ्याकडे न बघता लिहायला बसली.

अर्ध्या तासाने घाईने कोरा कागद टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

८ सप्टेंबर, रविवार

आता तिने काय लिहिलं ते. ज्यासाठी एवढं केलं, ते तरी नोंदवावं.

तिने तिच्या लहानपणीच्या एका घरबदलाबद्दल लिहिलं. वडिलांची बदली झालेली, ही दहा वर्षांची. गादीच्या वळकटीत बाहुली लपवली, ती वळकटी चुकून दुसऱ्याच्या गाडीत गेली. छान होतं, सगळे गप्प होऊन ऐकत होते. पण मला हवं ते त्यात नव्हतंच. फक्त शेवटचं वाक्य तसं होतं: "सामान बांधताना सगळ्यांत जड ते, जे आपलं म्हणून मागता येत नाही आणि मागे ठेवून निघवतही नाही."

हे वाक्य कालपासून चघळते आहे. या घरातलं काय हवंय तिला? मोठं पातेलं? ते जड आहे खरं. आज मुद्दाम म्हटलं, "ते पातेलं आता मला उचलत नाही ग. कोणाला हवं असेल तर देऊन टाकू." ती म्हणाली, "राहू द्या की, आई. मी उचलते ना."

म्हणजे पातेलं नव्हे.

११ सप्टेंबर, बुधवार

खऱ्या चिठ्ठ्या अजून स्वेटरच्या खिशात. हात घातला की कुरकुरतात. स्वेटर धुवायला टाकवत नाही, घालवत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

खऱ्या चिठ्ठ्या डब्यात परत टाकल्या. खोट्या चार चुलीत घातल्या. वाटलं होतं, निस्तरलं.

घाई आली नाही.

सलूनवाला म्हणाला, "परवा भेटली होती. म्हणते, डब्याचं माझ्याशी वैर आहे. आता घरीच अभ्यास करणार म्हणे." नर्सबाई म्हणाल्या, "घरी? तिच्या घरी?" आणि गप्प बसल्या. नर्सबाई ज्या गोष्टीवर गप्प बसतात, ती गंभीर असते. एरवी त्या इंजेक्शन देतानाही बोलतात.

माझ्याने आज कोणाच्या लिहिण्याकडे लक्ष देववलं नाही. सूनबाईने घरी येताना विचारलं, "आई, बरं नाही का?" म्हटलं, गुडघा. बिचाऱ्या गुडघ्यावर मी किती खोटं लादलं असेल!

१७ सप्टेंबर, मंगळवार

घाईच्या घरी जाऊन आले.

दार तिच्या आईने उघडलं. वडील तिथेच, हातभर अंतरावर, टेबलाशी बसलेले. आई मुलीला म्हणाली, "त्यांना सांग, चहा झालाय." मुलगी वडिलांना म्हणाली, "चहा झालाय." वडील म्हणाले, "सांग, साखर कमी." मुलगी आईला म्हणाली, "साखर कमी."

मी बसून होते. चहा प्यायले. कपबशीचा आवाज तेवढा येत होता, आणि त्या पोरीचा. त्या घरात दुसरा आवाज नाही. दोन माणसांचं बोलणं ती एकटी वाहते, इकडून तिकडे, आणि त्यातून परीक्षेचा अभ्यास. अशा पोरीला मी म्हटलं होतं, "आमच्या घरातले आवाज" लिही. बदलून मिळणार नाही.

जिन्यापर्यंत ती सोडायला आली. मी तिसऱ्या पायरीवर थांबून तिला सगळं सांगितलं. खिसा, कॅलेंडर, सूनबाई, सगळं. वाटलं होतं, सांगितलं की तिला बरं वाटेल — डब्याचं वैर नव्हतं, म्हातारीच लबाड होती.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी चिठ्ठी बदलता येत होती."

मी कठडा धरला.

"तुमच्या घरासाठी डब्याला डोळे फुटले, मावशी. माझ्यासाठी नाही फुटले."

अशी थप्पड मला उभ्या जन्मात बसली नाही, आणि पोरगी आवाजसुद्धा चढवत नव्हती.

म्हटलं, "चुकलं माझं. परत ये." तर विचारते, "त्यांना सांगितलंत?" त्यांना म्हणजे सूनबाईला. म्हटलं, नाही अजून. "मग आधी तिथे सांगा. तिकडचं माझ्याजवळ सांगून मोकळ्या होऊ नका. निरोप मी खूप नेते."

१८ सप्टेंबर, बुधवार

आज सांगणार होते. भाजी करपली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

जेवताना तोंड उघडलं. "अग, मी काय म्हणते..." ती घास थांबवून बघायला लागली. इतकं नीट बघायला लागली की माझा धीरच गेला. म्हटलं, "मीठ कमी आहे का?" म्हणाली, "नाही, बेताचं आहे."

घाईच्या घरात निदान निरोप्या तरी आहे. आमच्या घरात दोघी बोलतो भरपूर, आणि बोलायचं तेवढं सोडून बोलतो. फरक तो काय!

२१ सप्टेंबर, शनिवार

वर्गाला गेले नाही. गुडघा.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सूनबाई सकाळी म्हणाली, "आई, दोन दिवस त्या गावी जाऊन येते. कामाची जागा बघायची आहे." अखेर बोलली! मी नुसतं "बरं" म्हटलं. इतक्या दिवसांनी दार किलकिलं झालं, आणि मी काय केलं, तर "डबा देऊ का बरोबर?"

ती गेल्यावर अभ्रे मापायला बसले तर माझा टेप सापडेना. शिवणाच्या पेटीत नाही, मशीनच्या खणात नाही. मागून फोन आला, "आई, तुमचा टेप मी आणलाय, शोधू नका." नवीन घराचे पडदे असणार. सांगितलं असतं तर मीच शिवून दिले असते. काजं करून दिली असती, कड्या लावून दिल्या असत्या. दोन्ही खोल्यांचे.

मशीन खिडकीपाशी आहे म्हणून संध्याकाळपर्यंत निभतं, पुढे दोरा दिसत नाही. ती असली की न सांगता सुई ओवून ठेवते, सात-आठ सुया, उशीला टोचून. आज बघितलं तर जाण्याआधी ओवून गेली आहे. तिथेच बसून रडले थोडी. मग दोन सुया वापरल्या. बाकीच्या ठेवल्या.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं.

ती काल आली. आज संध्याकाळी दोघी धुतलेल्या चादरीची घडी घालत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. चादरीच्या आडून बोलायला बरं पडतं.

म्हटलं, "त्या दिवशीची तुझी चिठ्ठी मी घातलेली होती. पाचही तीच होत्या."

ती म्हणाली, "हं."

"हं काय? चिडली नाहीस?"

"आई, कागद कॅलेंडरचा होता. माझी कातरणं खरखरीत असतात. हात घातला तेव्हाच कळलं. तीन-चार चाचपल्या, सगळ्या गुळगुळीत."

"मग काढलीस कशाला?"

"तुम्ही एवढी खटपट केली होती. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?"

मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. वीस दिवस मी झाकली मूठ समजून फिरत होते, आणि मूठ पहिल्या दिवसापासून उघडी. ती मात्र एका शब्दाने बोलली नाही. तिला वाटलं असेल, म्हातारीला सवड देऊ. घाईचंही सांगितलं. त्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. "माझं काही नाही, आई. पण तिचं वाईट केलंत." खरं आहे. ती चूक काढते तेव्हा नेमकी काढते.

मग ती टोकाला टोक लावत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "जायचं ठरवलंय, आई. काम चांगलं आहे. पण मला तुम्हाला एक..."

मी पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "जा पोरी, सुखाने जा. माझी काळजी करू नकोस. मी काय, पिकलं पान. शेजारीण आहे, वर्ग आहे." एका दमात म्हटलं, चादर तिच्या हातात कोंबली आणि कणीक मळायला निघून गेले. कणीक आधीच मळलेली होती.

तिला पुढे काहीतरी बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाही. वाटलं, मोठं मन केलं. आता लिहिताना दिसतंय, मोठं मन वगैरे काही नव्हे. ऐकायची भीती.

२८ सप्टेंबर, शनिवार

वर्गात सगळ्यांसमोर कबूल केलं. डबा पुढे ठेवून, उभं राहून. बसून सांगवेना, खुर्ची डुगडुगत होती.

सलूनवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा." नर्सबाई म्हणाल्या, "आणि माझा 'न मागितलेला सल्ला' खरा होता की तोही टोमणा?" खरा होता, शपथेवर सांगितलं. शपथेला आता काय किंमत, ते सोडा.

मान वर केली तर घाई दारात. किती वेळ उभी होती कोण जाणे. आत आली, खुर्ची ओढली, आणि या खेपेला लिहायला लागली नाही. म्हणाली, "शिक्षा ठरवा."

"कसली शिक्षा ग?" सलूनवाला म्हणाला, "म्हातारं माणूस आहे."

"मावशींनी आजवर एकदाही चिठ्ठी काढलेली नाही. आम्हालाच खडीवर ढकलतात. पुढच्या शनिवारी त्यांनी काढायची. जी निघेल ती. आणि डबा त्यांनी धरायचा नाही."

"मी धरते," सूनबाई म्हणाली. पटकन म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. लिहायला लावणं सोपं असतं हो, लिहिणाऱ्याची बोटं कशी गार पडतात ते आज कळलं. नुसत्या विचाराने.

निघताना घाईच्या हातात मी माझ्या हाताने एक कोरी चिठ्ठी ठेवली. म्हटलं, तुझा विषय तू घाल. तिने तिथेच लिहिलं, घडी घातली, माझ्याच हातात परत दिली. "दोघांनी परस्पर बोलावं म्हणून काय करावं." म्हणाली, "ही डब्यात नको. ही तुम्हाला." परवा पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहे. नर्सबाई येतात म्हणाल्या.

२ ऑक्टोबर, बुधवार

घरात खोकी आली आहेत. छापखान्यातली, मजबूत. तिने दोन भरली. बाकी रिकामी, माझ्या खोलीच्या दाराशी रचून ठेवली आहेत. जागा नसेल तिच्याकडे. मी काही म्हटलं नाही.

स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे लक्ष गेलं. कॅलेंडरवर ऑक्टोबर, आणि मागे उलटवलेलं पान नाही. सप्टेंबरचं पान तिने फाडलं की काय? महिना संपला म्हणून फाडलं असेल.

५ ऑक्टोबर, शनिवार

डबा सूनबाईने धरला. मी डोळे मिटून हात घातला. चिठ्ठी गुळगुळीत लागली.

"मशीन खिडकीपाशी ठेवायचं की दिव्याखाली? (दोन्हीकडे मापून आले आहे. तुमच्या खोलीत दोन्ही बसतं.)"

दुसरी काढली. तीच. तिसरी, चौथी, पाचवी. अक्षर तिचं. कागद कॅलेंडरचा.

म्हणजे दोन खोल्या...

अर्धा तास दिला आहे. वही पुढे ओढून बसले आहे, समोर ती बसली आहे, आणि अक्षरं दिसत नाहीत. विषय बदलून मिळणार नाही, असं घाईने बजावलं आहे.